सोफा, खुर्ची आणि बसण्याचा मान

दसरा-दिवाळी किंवा रमजान ईद जवळ आली की वर्तमानपत्रांची पानं फर्निचरच्या जाहिरातींनी भरून जातात. 'रॉयल', 'महाराजा', 'नवाबी' अशा नावांचे सोफासेट आणि सोबत सुलभ हप्ते. लाकूड कोणतं, सांधा कसा जोडलाय, गादीत काय भरलंय, याचा त्यात उल्लेख नसतो. आयुष्याची पुंजी फ्लॅटमध्ये ओतलेलं कुटुंब उरल्यासुरल्या पैशात, बहुतेकदा कर्ज काढून, हे सामान घरी आणतं. घराचे हप्ते वीस वर्षं चालतात, सोफा मात्र पाच वर्षांत बसका होतो.

ग्राहक अडाणी आहे म्हणून असं होतं, हे मला पटत नाही. भाजी घेताना वांगं दाबून बघणारा माणूस पन्नास हजारांचा पलंग साधा हलवूनही बघत नाही. कारण हे सामान आपण वापरासाठी कमी आणि पाहुण्यांच्या नजरेसाठी जास्त घेतो. ही सवय जुनी आहे आणि तिचा इतिहास तपासण्यासारखा आहे.

शब्द कुठून आले?

सुरुवात शब्दांपासून करू. मराठी घरातल्या बैठकीच्या खोलीत नजर फिरवली तर पदोपदी अरबी-फारसी शब्द भेटतात. 'खुर्ची' अरबी 'कुर्सी'वरून आली. कुरआनमधल्या 'आयतुल कुर्सी'त अल्लाहची कुर्सी आकाश आणि पृथ्वीला व्यापून आहे, असं वर्णन येतं. म्हणजे या शब्दाला सत्तेचा, सिंहासनाचा अर्थ पहिल्यापासून चिकटलेला आहे. 'तक्तपोस', 'तक्क्या', 'गालिचा' हे फारसीतून आले. 'सतरंजी'चं नातं शतरंजच्या पटाशी आहे. 'दिवाण' म्हणजे आधी सरकारी नोंदवही, मग कचेरी, मग कचेरीचा प्रमुख. पुढे भिंतीलगतच्या लांब बैठकीलाही तेच नाव पडलं आणि आज त्याच नावाच्या पेटीत आपण गाद्या-गोधड्या भरून ठेवतो. 'अलमारी' पोर्तुगिजांची देणगी. पाट, चौरंग, पलंग हे मात्र इथले जुने.

सगळ्यात बोलका शब्द 'सोफा'. अरबीत 'सुफ्फा' म्हणजे उंचवट्याचा ओटा. मदिनेत मस्जिद-ए-नबवीला लागून छपराखाली असा एक ओटा होता. घरदार मागे टाकून आलेले गरीब सहाबी तिथं राहत आणि शिकत. त्यांना 'अस्हाब-ए-सुफ्फा' म्हणतात. हजारो हदीस ज्यांच्या नावे सांगितल्या जातात ते हजरत अबू हुरैरा त्यांच्यातलेच. हाच शब्द युरोप फिरून, मखमल पांघरून आपल्याकडे आला. बेघरांच्या ओट्याचं नाव आज हॉलमधल्या सर्वांत महागड्या वस्तूला आहे.

बिछायतीवरचा दरबार

शब्द लवकर आले तरी खुर्ची-टेबलावर बसायची रीत उशिरा रुजली. मुघल असोत, आदिलशाही असो की पेशवाई, दरबारी मंडळी जमिनीवरच बसत. १७९० साली पुण्यात इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याने पेशव्यांशी टिपूविरुद्धचा तह केला. त्या प्रसंगाचं थॉमस डॅनियलने १८०५मध्ये काढलेलं मोठं चित्र आज लंडनच्या टेट संग्रहात आहे. सवाई माधवरावांच्या त्या दरबारात खुर्च्यांच्या रांगा नाहीत, मंडळी बिछायतीवर बसलेली आहेत.

म्हणून तिथं समता होती असं समजू नये. गादीच्या किती जवळ बसायचं, कुणाच्या पाठीशी लोड, कुणी उभं राहायचं, हे सगळं ठरलेलं असे. इंग्रजी अंमल स्थिरावल्यावर ही उतरंड खुर्चीवर चढली. साहेब कचेरीत खुर्चीत बसला की भेटायला आलेल्या हिंदी माणसाने बसायचं की उभं राहायचं, हा प्रश्न उभा राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दिल्ली-पंजाबकडे त्यावर सरकारी तोडगा निघाला. निवडक प्रतिष्ठितांना 'कुर्सीनशीन' असल्याची लेखी प्रमाणपत्रं मिळू लागली. ज्याच्याकडे असा कागद, त्याला साहेबासमोर बसायची परवानगी. लोक ते कागद जपून ठेवत.

दुसरीकडे, त्याच काळात खुर्चीच्याही खालची पायरी होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये आपल्या साताऱ्याच्या शाळेविषयी लिहून ठेवलंय. वर्गात बसायला त्यांना वेगळं तरट लागे. शाळा झाडणारा नोकर त्याला हात लावायला तयार नसे, म्हणून ते रोज घरी न्यावं आणि रोज परत आणावं लागे. एकाला बसण्यासाठी प्रमाणपत्र आणि दुसऱ्याला बसण्यासाठी स्वतःचं तरट! बसण्याच्या वस्तूत इतका मान-अपमान साठलेल्या समाजात तिची खरेदी साधी खरेदी कशी राहील?

मुंबईचं काळं लाकूड

मागणी वाढली तसे कारागीरही घडले. गोव्यात आणि गुजरातेत पोर्तुगिजांसाठी इथले सुतार सोळाव्या शतकापासूनच युरोपीय घाटाच्या पेट्या आणि मेजं बनवत होते, त्यावर हस्तिदंताचं आणि शिंपल्याचं जडावकाम करत होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मुंबईत 'बॉम्बे ब्लॅकवूड' नावाची शैली भरात आली. आकार युरोपीय, पण प्रत्येक पाय, हात आणि पाठ शिसवी लाकडातल्या वेलबुट्टीने भरलेली. इंग्रज अधिकारी, पारशी शेठिये, संस्थानिक, सगळ्यांनी ती घेतली. मुंबईच्या जुन्या बाजारात तसे नग अजून दिसतात, आणि काल बनवून आज जुने केलेलेही!

सागवानाची कीर्ती त्याहून मोठी. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने मलबारी सागवानातून बांधलेलं 'ट्रिंकोमाली' हे लढाऊ जहाज १८१७ साली पाण्यात उतरलं. इंग्लंडमधल्या हार्टलपूल इथं ते आजही तरंगतंय. सागवानात नैसर्गिक तेल असतं, त्यामुळे वाळवी आणि पाणी दोन्ही त्याला सहजी खात नाहीत. जहाजांसाठी आणि इमारतींसाठी मलबारची जंगलं इतकी तुटली की १८४०च्या दशकात निलंबूरला सागाची लागवड करावी लागली. आपल्याकडे चांदा-बल्लारशाचं सागवान नावाजलेलं. बाजारात त्याला अजून 'सीपी टीक' म्हणतात, म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेसचं. प्रांत गेला, नाव उरलं.

याच शतकात युरोपात उलट दिशेने एक काम झालं. व्हिएन्नाच्या मायकल थोनेटने बीच लाकूड वाफेवर वाकवून १८५९ साली १४ क्रमांकाची खुर्ची काढली. लाकडाचे सहा भाग, दहा स्क्रू आणि दोन नट. सुटे भाग केले की एक घनमीटर खोक्यात ३६ खुर्च्या मावत. नक्षी शून्य. मुंबई-पुण्याच्या इराणी हॉटेलांत दिसणाऱ्या वाकवलेल्या पाठीच्या खुर्च्या याच घराण्यातल्या. ज्या हॉटेलात हमालापासून वकिलापर्यंत कुणीही येऊन चहा-बन खात असे, तिथं ही साधी खुर्ची शोभून दिसली.

जहेजमधलं कपाट

१९२३मध्ये गोदरेजने लोखंडी कपाटं बनवायला सुरुवात केली. वाळवीला आणि चोराला दाद न देणारी ही वस्तू उत्तमच होती. पण बघता बघता ती लग्नाच्या यादीत जाऊन बसली. कंपनी कोणतीही असो, बोलीत ते 'गोदरेजचं कपाट' आणि ते मुलीच्या बापाने द्यायचं. पाठोपाठ पलंग, ड्रेसिंग टेबल, सोफा आला.

मुस्लीम समाजाबद्दल मला इथं स्पष्ट बोललं पाहिजे. निकाहात मेहर नवऱ्याने द्यायचा असतो. वधूपित्याने घर सजवून द्यावं, अशी कुठलीही धार्मिक अट नाही. तरी आमच्या मोहल्ल्यांत जहेजचा टेम्पो दिवसाढवळ्या, सामान दिसेल असा लावून जातो. हुंडाबंदीचा कायदा १९६१चा, पण 'आम्ही मागितलं नाही, त्यांनी खुशीने दिलं' या एका वाक्यात तो निष्प्रभ होतो. अशा खरेदीत वस्तू चमकली की काम झालं. ती टिकण्याशी देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला, दोघांनाही कर्तव्य नसतं. रद्दड माल सर्वांत जास्त खपतो तो इथं.

याउलट नव्वदीच्या दशकात गावोगाव पोचलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीची आपण चेष्टा करतो. मला तिच्याबद्दल आदर आहे. लग्नाच्या मांडवात, जलशात, ग्रामसभेत सगळ्यांना एकसारखी, एका उंचीची जागा तिने दिली. शिसवी नक्षीला ते कधी जमलं नव्हतं.

खरेदीला जाताना

इतिहासाचा उपयोग बाजारात व्हायला हवा, म्हणून काही गोष्टी मुद्दाम सांगतो.

पहिली, लाकडाचं नाव विचारा आणि ते बिलावर लिहून घ्या. नुसतं 'सॉलिड वूड' हे नाव नव्हे. सागवान म्हटलं तर कुठलं? जंगलातलं जुनं, की लागवडीचं कोवळं, की आयात केलेलं? दरात आणि टिकण्यात मोठा फरक पडतो. 'शीशम' म्हणून जे उत्तरेकडून येतं ते आपलं जुनं शिसव नाही. दोन्ही एकाच कुळातली, पण झाडं वेगळी. उत्तरेचं शीशमही चांगलं लाकूड आहे, फक्त शिसवीच्या भावाने घेऊ नका.

दुसरी, सांधा बघा. खुर्ची उलटी करा, ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून त्याची मागची बाजू बघा. एका लाकडात खाच पाडून दुसऱ्याचं टोक तीत घट्ट बसवलं असेल तर तो सांधा पिढी काढतो आणि ढिला झाला तर सुतार तो पुन्हा आवळतो. नुसत्या खिळ्यांवर आणि स्टेपलवर उभं असलेलं सामान दुरुस्त होत नाही.

तिसरी, पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा चुरा डिंकात दाबून केलेली फळी. वरून सनमायका लावला की ओळखू येत नाही, म्हणून कड आणि स्क्रूची भोकं तपासा. पाण्याने ती फुगते आणि एकदा काढलेला स्क्रू त्याच भोकात पुन्हा धरत नाही. भाड्याच्या घरात राहणाऱ्याने, कोकणातल्या दमट हवेत राहणाऱ्याने ती टाळलेली बरी. प्लायवूड घ्यायचं तर त्यावरचा शिक्का वाचा. आयएस ३०३ साध्या वापराचं, आयएस ७१० मरीन.

चौथी, सोफ्याचं कापड बघण्याआधी आतली चौकट कशाची आणि फोम किती घनतेचा, ते विचारा. खालचं अस्तर उघडून दाखवायला दुकानदार तयार नसेल तर दुसरं दुकान गाठा. आणि घरून निघतानाच दार, जिना आणि लिफ्टचं माप घ्या.

पाचवी, दुरुस्त करणारा माणूस जवळपास आहे का, याचा विचार करा. आमच्या घरी आजोबांच्या वेळचं सागवानी तक्तपोस आहे. दिवसा बैठक, रात्री बिछाना. दोनदा पाय बदलले, फळ्या तशाच आहेत. त्यावरची कापसाची गादी दर दोन-तीन वर्षांनी पिंजारी फुलवून द्यायचा. फोम आला आणि पिंजाऱ्यांचं पिंजण थांबलं. त्यांच्यातले कित्येक आज मिळेल ती मजुरी करतात. वेत विणणारे, पॉलिश मारणारे, सांधे आवळणारे यांचीही तीच गत होतेय. हे कारागीर हिंदू सुतार असोत की मुसलमान मिस्त्री, त्यांचं हातातलं ज्ञान कुठल्या शोरूममध्ये मिळत नाही.

नव्या घरात सगळं एकदम भरायची घाई कशाला? आधी एक चांगला पलंग किंवा तक्तपोस, एक मजबूत कपाट, चार खुर्च्या घ्या. बाकी पैसे जमतील तसं. तोवर पाहुण्यांना सतरंजी अंथरा. पेशव्यांच्या दरबारात रेसिडेंटाने खाली बसून तह केला, आपल्या पाहुण्यांनाही चहा घेता येईल.