विश्लेषण : सिनरला तीन महिने, नरसिंगला चार वर्षे... उत्तेजक चाचणीत अडकलेल्या खेळाडूची शिक्षा ठरते कशी?

टेनिसपटू यानिक सिनर मार्च २०२४ मध्ये दोन उत्तेजक चाचण्यांत दोषी आढळला. त्याला तीन महिन्यांची बंदी झाली आणि एकही ग्रँडस्लॅम स्पर्धा त्याला चुकवावी लागली नाही. इगा श्वीऑनटेकवर एका महिन्याची बंदी आली. सिमोना हालेपला चार वर्षांची शिक्षा सुनावण्यात आली आणि ती नऊ महिन्यांवर आली, तोपर्यंत तिची दीड वर्षे वाया गेली होती. मुंबईत वाढलेला मल्ल नरसिंग यादव याला २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकच्या लढतीच्या आदल्या दिवशी चार वर्षांसाठी बाहेर काढण्यात आले. या चौघांनीही आपण जाणूनबुजून काहीही घेतले नसल्याचे सांगितले होते. मग शिक्षेत एवढा फरक का? मोठ्या नावांना वेगळा न्याय मिळतो का? की नियमच तसे आहेत?

नियम काय सांगतो?

जगभरातील बहुतेक खेळ जागतिक उत्तेजक प्रतिबंधक संस्थेची, म्हणजे ‘वाडा’ची संहिता पाळतात. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे मुख्यालय कॅनडातील माँट्रियल येथे आहे. भारतात राष्ट्रीय उत्तेजक प्रतिबंधक संस्था, म्हणजे ‘नाडा’ ही संहिता राबवते. टेनिसमध्ये हे काम आंतरराष्ट्रीय टेनिस इंटेग्रिटी एजन्सी पाहते. अंतिम दाद स्वित्झर्लंडमधील लोझान येथील क्रीडा लवादाकडे (कॅस) मागता येते.

या संहितेचा पाया एकाच वाक्यात सांगता येतो : शरीरात जे सापडेल, त्याची जबाबदारी खेळाडूची. पदार्थ कुणी दिला, कळत दिला की नकळत, त्याने कामगिरी सुधारली की नाही, हे प्रश्न पहिल्या टप्प्यावर गौण असतात. नमुन्यात प्रतिबंधित पदार्थ सापडला की नियमभंग झाला. नमुन्याचे ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन भाग केलेले असतात. ‘अ’ भागात पदार्थ आढळला, तर खेळाडू ‘ब’ भागाच्या तपासणीची मागणी करू शकतो.

हेतू आणि निष्काळजीपणा यांचा विचार होतो तो शिक्षा ठरवताना. इथे मात्र फौजदारी न्यायालयाच्या उलट चित्र असते. आपण निर्दोष आहोत किंवा आपला दोष कमी आहे, हे खेळाडूलाच सिद्ध करावे लागते. त्यासाठी पदार्थ शरीरात नेमका कसा आला, हे त्याला बहुतेक वेळा दाखवून द्यावे लागते. ‘मला माहीत नाही’ हे उत्तर सहसा चालत नाही.

शिक्षेचे गणित काय आहे?

ढोबळमानाने शिक्षेचे टप्पे असे आहेत :

- स्टेरॉइडसारखा गंभीर गटातील पदार्थ सापडला आणि हेतू नव्हता हे खेळाडूला सिद्ध करता आले नाही, तर चार वर्षे बंदी.
- हेतू नव्हता हे सिद्ध झाले, तर दोन वर्षे.
- ‘लक्षणीय दोष नाही’ असे ठरले, तर त्याहून कमी. दूषित सप्लिमेंट किंवा औषधातून पदार्थ आल्याचे सिद्ध झाले, तर केवळ ताकीद ते दोन वर्षे यांपैकी काहीही.
- ‘अजिबात दोष नाही’ असे ठरले, तर बंदी नाही. मात्र ज्या स्पर्धेत नमुना घेतला, तेथील गुण आणि बक्षिसाची रक्कम जाते.

म्हणजे एकाच पदार्थासाठी शून्य ते चार वर्षे अशी कोणतीही शिक्षा होऊ शकते. खेळाडू कोणत्या पायरीवर उभा राहणार, हे त्याच्या पुराव्यावर ठरते.

सिनर प्रकरणात काय घडले?

सिनरचा पहिला नमुना १० मार्च २०२४ रोजी इंडियन वेल्स स्पर्धेत घेतला गेला आणि दुसरा आठ दिवसांनी. दोन्हींत क्लोस्टेबोल हे स्टेरॉइड सापडले. प्रमाण अत्यल्प होते, एका मिलिलिटरमध्ये एक अब्जांश ग्रॅमपेक्षाही कमी. सिनरच्या बाजूने दिलेले स्पष्टीकरण असे होते : त्याच्या फिजिओच्या बोटाला कापले. फिटनेस ट्रेनरने इटलीतील औषधाच्या दुकानातून घेतलेला स्प्रे फिजिओने जखमेवर मारला. त्या स्प्रेमध्ये क्लोस्टेबोल होते. त्याच हाताने त्याने सिनरला मसाज दिला आणि पदार्थ त्वचेतून शरीरात गेला.

स्वतंत्र लवादाने ऑगस्ट २०२४ मध्ये हे स्पष्टीकरण मान्य केले आणि सिनरचा अजिबात दोष नसल्याचा निर्णय दिला. इंडियन वेल्समधील गुण आणि बक्षीस मात्र गेले. ‘वाडा’ने या निर्णयाला क्रीडा लवादात आव्हान देऊन एक ते दोन वर्षांच्या बंदीची मागणी केली. त्याने फसवणूक केली, असे ‘वाडा’चे म्हणणे नव्हते. आपल्या चमूच्या चुकीची जबाबदारी खेळाडूवरही येते, हा त्यांचा मुद्दा होता.

सुनावणीआधीच फेब्रुवारी २०२५ मध्ये दोन्ही बाजूंनी तडजोड केली. ९ फेब्रुवारी ते ४ मे २०२५ अशी तीन महिन्यांची बंदी ठरली. हा काळ ऑस्ट्रेलियन ओपननंतरचा आणि फ्रेंच ओपनआधीचा होता. सिनर मायदेशातील रोम स्पर्धेतून परतला आणि जुलैमध्ये विम्बल्डन जिंकला.

मग टीका कशावर झाली?

टीकेचा पहिला मुद्दा गोपनीयतेचा होता. सिनरवर एप्रिल २०२४ मध्ये दोनदा तात्पुरती बंदी लागली होती. दोन्ही वेळा त्याच्या वकिलांनी लगेच अपील केले आणि काही दिवसांतच बंदी उठली. खेळाडूने ठरलेल्या मुदतीत अपील केले आणि ते मान्य झाले, तर तात्पुरती बंदी जाहीर होत नाही, असा टेनिसचा नियम आहे. त्यामुळे ऑगस्टपर्यंत कुणाला पत्ता लागला नाही. या काळात सिनर खेळत राहिला आणि जूनमध्ये जागतिक क्रमवारीत पहिल्या स्थानी पोहोचला.

नियम पाळला गेला होता, यात वाद नाही. पण तो नियम वापरण्यासाठी काही दिवसांत पदार्थाचा स्रोत शोधणारे तज्ज्ञ आणि वकील हाताशी असावे लागतात.

श्वीऑनटेकचेही असेच झाले. ऑगस्ट २०२४ मधील तिच्या नमुन्यात ट्रायमेटाझिडिन सापडले. झोपेसाठी घेतलेल्या मेलाटोनिनच्या गोळ्या दूषित होत्या, हे तिने सिद्ध केले. तात्पुरत्या बंदीच्या काळात तिच्या तीन स्पर्धा हुकल्या. एका महिन्याची बंदी नोव्हेंबरमध्ये जाहीर झाली, तोवर तिचे जेमतेम आठ दिवस उरले होते.

हालेपच्या वाट्याला याच्या उलट अनुभव आला. २०२२ च्या अमेरिकन ओपनमध्ये तिच्या नमुन्यात रोक्साडुस्टॅट आढळले. ऑक्टोबर २०२२ पासून ती तात्पुरत्या बंदीखाली होती आणि सप्टेंबर २०२३ मध्ये चार वर्षांची शिक्षा झाली. मार्च २०२४ मध्ये क्रीडा लवादाने दूषित सप्लिमेंटचा मुद्दा स्वीकारून शिक्षा नऊ महिन्यांवर आणली. तोपर्यंत ती सुमारे १७ महिने कोर्टबाहेर होती. दोन ग्रँडस्लॅम जिंकलेल्या हालेपने फेब्रुवारी २०२५ मध्ये निवृत्ती जाहीर केली.

ब्रिटनची दुहेरीतील खेळाडू टारा मूर हिची फरफट तर आणखी मोठी. कोलंबियात एप्रिल २०२२ मध्ये घेतलेल्या तिच्या नमुन्यात स्टेरॉइड सापडले. मांस दूषित असल्याचा तिचा दावा लवादाने डिसेंबर २०२३ मध्ये मान्य केला. पण त्यावर अपील झाले आणि जुलै २०२५ मध्ये क्रीडा लवादाने तिला चार वर्षांची बंदी घातली.

एकच औषध, तीन निकाल

शिक्षेतील तफावत समजून घ्यायला ट्रायमेटाझिडिनचेच उदाहरण पुरेसे आहे. हे हृदयविकाराच्या रुग्णांना दिले जाणारे औषध आहे. श्वीऑनटेकला त्यासाठी एक महिना बंदी झाली.

रशियाची फिगर स्केटर कमिला वालिएवा हिच्या डिसेंबर २०२१ मधील नमुन्यात हेच औषध सापडले. तेव्हा ती १५ वर्षांची होती. आजोबांच्या औषधाचा अंश पोटात गेला असावा, हा तिचा बचाव क्रीडा लवादाला पटला नाही. चार वर्षांची बंदी झाली आणि रशियाचे बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमधील सांघिक सुवर्ण गेले.

चीनच्या २३ जलतरणपटूंच्या नमुन्यांत २०२१ च्या सुरुवातीला हेच औषध आढळले होते. हॉटेलच्या स्वयंपाकघरातून ते अन्नात आले, असा निष्कर्ष चीनच्या उत्तेजक प्रतिबंधक संस्थेने काढला. कुणावरही बंदी आली नाही, प्रकरण जाहीरही झाले नाही. हा दावा खोडून काढण्यास आधार नसल्याचे सांगत ‘वाडा’ने अपील केले नाही. एप्रिल २०२४ मध्ये बातमी फुटल्यावर अमेरिकेने ‘वाडा’वर सडकून टीका केली आणि पुढे आपली वार्षिक वर्गणीही रोखली.

महाराष्ट्राशी संबंधित दोन प्रकरणे

तीन वेळा ‘महाराष्ट्र केसरी’ ठरलेला नरसिंग यादव रिओ ऑलिम्पिकसाठी ७४ किलो गटात पात्र ठरला होता. सुशील कुमारने निवड चाचणीची मागणी करत दिल्ली उच्च न्यायालय गाठले होते, पण तिथे निकाल नरसिंगच्या बाजूने लागला. त्यानंतर काही आठवड्यांतच नरसिंगच्या नमुन्यांत मेथॅनडिएनोन हे स्टेरॉइड सापडले. सोनीपतच्या सराव केंद्रात आपल्या खाण्यापिण्यात कुणीतरी ते मिसळले, असे त्याने सांगितले. ‘नाडा’ने १ ऑगस्ट २०१६ रोजी हे मान्य करून त्याला निर्दोष ठरवले.

‘वाडा’ने रिओमध्येच क्रीडा लवादाकडे अपील केले. पदार्थाचे प्रमाण पाहता ते गोळीतून घेतले गेले असावे, अशी तज्ज्ञांची साक्ष झाली. कट झाल्याचा ठोस पुरावा समोर आला नाही. १८ ऑगस्टला चार वर्षांची बंदी जाहीर झाली. दुसऱ्या दिवशी त्याची लढत होती.

क्रिकेटपटू पृथ्वी शॉ याचे प्रकरण वेगळे. फेब्रुवारी २०१९ मध्ये इंदूर येथे मुश्ताक अली करंडक स्पर्धेत घेतलेल्या त्याच्या नमुन्यात टर्ब्युटालिन सापडले. हा घटक खोकल्याच्या अनेक औषधांत असतो. त्याने खोकल्याचे औषध घेतल्याचे सांगितले आणि बीसीसीआयने ते मान्य केले. आठ महिन्यांची बंदी जुलैअखेर जाहीर झाली, पण ती १६ मार्चपासून मोजली गेली. त्यामुळे दरम्यान तो आयपीएल खेळून मोकळा झाला होता. तेव्हा बीसीसीआय स्वतःच चाचण्या घेत असे. या निर्णयावर टीका झाली आणि ऑगस्ट २०१९ मध्ये भारतीय क्रिकेट ‘नाडा’च्या कक्षेत आले.

भारतासाठी हा प्रश्न का महत्त्वाचा?

‘वाडा’च्या २०२३ च्या आकडेवारीनुसार भारतात ५,६०६ नमुने तपासले गेले आणि त्यांपैकी २१३ नमुन्यांत प्रतिबंधित पदार्थ सापडले. म्हणजे ३.८ टक्के. मोठ्या संख्येने चाचण्या करणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वाधिक होते. यात जाणूनबुजून स्टेरॉइड घेणारे आहेत, तसेच दुकानदाराच्या किंवा प्रशिक्षकाच्या शब्दावर विसंबून डबा उघडणारेही आहेत. मात्र नमुन्यातून हा फरक कळत नाही.

तो दाखवायचा असेल तर सप्लिमेंटची प्रयोगशाळेत तपासणी, तज्ज्ञांचा अहवाल आणि वकील लागतात. सिनर किंवा श्वीऑनटेकला हा खर्च झेपतो. तालमीत राहून सरकारी नोकरीची वाट पाहणाऱ्या मल्लाला किंवा राज्य स्पर्धेतील धावपटूला तो झेपेलच असे नाही. नियम सर्वांना सारखाच असतो, पण त्यातील सवलत सिद्ध करण्याची ताकद सारखी नसते.

खेळाडूच्या हातात काय आहे?

औषध घेण्याआधी डॉक्टरांना आपण चाचणीच्या कक्षेत असल्याचे सांगणे, ही पहिली खबरदारी. आजारासाठी प्रतिबंधित औषध घेणे भागच असेल, तर उपचारासाठीची सवलत आधी मागता येते. सप्लिमेंट घेतलेच, तर बिल, बॅच क्रमांक आणि डब्यातील थोडा भाग जपून ठेवावा. पुढे तोच पुरावा ठरतो.

चाचणी टाळणे हा उपाय नाही. नमुना देण्यास नकार हाही नियमभंगच असतो. मार्च २०२४ मध्ये नमुना न दिल्याबद्दल कुस्तीपटू बजरंग पुनियाला ‘नाडा’च्या समितीने चार वर्षांची बंदी घातली. किटच्या मुदतीबाबत शंका असल्याचे त्याचे म्हणणे होते. अव्वल खेळाडूंना रोज एक तास आपण कुठे असू, हेही आधी कळवावे लागते. बारा महिन्यांत तीनदा चूक झाली, तर बंदी येऊ शकते.

‘वाडा’ची नवी संहिता १ जानेवारी २०२७ पासून लागू होणार आहे. नकळत झालेल्या संसर्गाच्या प्रकरणांत शिक्षा ठरवताना तीत अधिक मोकळीक असेल. त्यामुळे सिनरसारख्या प्रकरणात तडजोडीची गरज कमी होईल. मात्र पदार्थ कुठून आला हे दाखवण्याचे ओझे तेव्हाही खेळाडूवरच असेल. ते पेलण्यासाठी सामान्य खेळाडूला मोफत कायदेशीर मदत आणि परवडणारी तपासणी मिळाली नाही, तर नवा नियमही ज्यांच्याकडे चमू आणि वकील आहेत त्यांच्याच जास्त उपयोगी पडेल.