सेल मेला की कॅमेरा मेला?

आज सुरुवात एका कपाटापासून करू. मध्यंतरी घर आवरताना आम्हाला दोन जुने डिजिटल कॅमेरे सापडले. दोन्ही साधारण वीस वर्षांपूर्वीचे, दोन्हींच्या लेन्स स्वच्छ, बटणं ठीक, आणि दोन्ही बंद. पहिल्यात चार पेन्सिल सेल लागतात. बाजारातून नवे रिचार्जेबल सेल आणले, चार्ज करून घातले, कॅमेरा सुरू! दुसऱ्यात कंपनीची स्वतःची चपटी बॅटरी लागते आणि ती बनवणं कधीच थांबलंय. तो अजून बंदच आहे. मग एक जगला आणि एक मेला, हे ठरवलं कुणी?

थोडं मागे जाऊ. पुन्हा चार्ज होणारी बॅटरी जुनी आहे. फ्रान्सच्या गॅस्टन प्लान्ते यांनी १८५९ साली शिशाची बॅटरी केली, तिचेच वंशज आज आपल्या इन्व्हर्टरखाली बसलेत. १८९९ साली स्वीडनच्या वाल्डेमार युंगनर यांनी निकेल-कॅडमियमची जोडी जमवली. आता एकदम १९७५ मध्ये येऊ. कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनियरने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. वजन सुमारे ३.६ किलो. चित्र १०० बाय १०० ठिपक्यांचं, आणि एक चित्र कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. त्यात सेल किती होते? निकेल-कॅडमियमचे १६! म्हणजे डिजिटल कॅमेरा जन्मापासूनच खादाड.

तो खादाडपणा पुढे बाजारातल्या कॅमेऱ्यांतही राहिला. सेन्सर, पडदा, फ्लॅश, लेन्स हलवणारी मोटर, सगळ्यांना एका झटक्यात मोठा प्रवाह लागतो. साधा अल्कलाइन सेल १.५ व्होल्टचा, पण अशा ओढीखाली त्याचा व्होल्टेज पटकन खाली येतो. आठवतंय ना? कॅमेऱ्याने ‘संपला’ म्हणून नाकारलेला सेल भिंतीवरच्या घड्याळात पुढे कित्येक महिने चालायचा. १९९०च्या सुमारास निकेल-मेटल हायड्राइड सेल बाजारात आले. कागदावर ते १.२ व्होल्टचेच, पण ओढ सहन करणारे. शिवाय विषारी कॅडमियम नाही. मात्र ते पडून पडून आपोआप उतरायचे. साखरपुड्याला चार्ज केलेले सेल लग्नात रिकामे! २००५ साली सान्यो कंपनीने एनेलूप आणले आणि महिनोन्‌महिने चार्ज धरून ठेवणारे सेल घरोघरी आले.

दुसरा प्रवाह लिथियम-आयनचा. १९९१ साली सोनीने ही बॅटरी बाजारात आणली. तिचा पाया घालणाऱ्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ही बॅटरी हलकी, म्हणून कॅमेरा खिशात मावू लागला. पण इथेच एक गोष्ट हातातून निसटली, ती म्हणजे सामाईक माप. पेन्सिल सेलचं माप अमेरिकेत १९४७ साली प्रमाण म्हणून ठरलं: व्यास १४.५ मिलिमीटर, लांबी ५०.५. कुठल्याही कंपनीचा सेल कुठल्याही कॅमेऱ्यात बसणार. लिथियमच्या बॅटरीला स्वतःचं संरक्षक सर्किट हवं, वेगळा चार्जर हवा. त्यामुळे ज्याचा त्याचा आकार निघाला. कारण थोडं तांत्रिक, थोडं व्यापारी.

आता बदलायची वेळ येते तेव्हा काय करायचं? पेन्सिल सेल नेहमी संच म्हणून बदला. चारांतला एक थकला की उरलेले तीन त्याला ढकलत राहतात आणि अख्खा संच कोलमडतो. संचावर खरेदीची तारीख लिहा, दोन संच मिसळू नका. लिथियमची गोष्ट वेगळी. ती वापरली नाही तरी म्हातारी होते, म्हणून पेटीबंद जुनी बॅटरी म्हणजे नवी बॅटरी नव्हे. ‘पूर्ण उतरू दे, मग लाव’ हा वडीलधाऱ्यांचा सल्ला निकेल-कॅडमियमच्या काळातला. लिथियमला तो मानवत नाही. कॅमेरा बरेच दिवस ठेवायचा असेल तर अर्धी चार्ज करून, थंड जागी ठेवा. फुगली असेल तर चार्ज करू नका, टोचू नका, आणि घरच्या कचऱ्यात तर नकोच.

कायदाही आता या प्रश्नाकडे वळलाय. आपल्याकडे २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. युरोपीय संघाचा २०२३ चा नियम आणखी पुढे जातो. शेवटचा नग बाजारात आल्यावर किमान पाच वर्षं त्याची बॅटरी सुटी मिळाली पाहिजे, असं तो सांगतो. ही तरतूद फेब्रुवारी २०२७ पासून लागू होते.

पाच वर्षं चांगलीच आहेत. पण आमच्या पहिल्या कॅमेऱ्याला वीस वर्षांनी जगवलं ते १९४७ च्या एका मापाने. त्यात कुठल्या एका कंपनीची मर्जी नव्हती, सगळ्यांनी पाळलेला एक करार होता. म्हणून पुढच्या वेळी कॅमेरा घेताना मेगापिक्सेल जरूर विचारू, पण त्याआधी दुकानदाराला एवढं विचारू: याची बॅटरी दहा वर्षांनी कुठे मिळेल?