कॉर्टिसॉल आणि एकवीस दिवसांची रजा : नागपूर, जुलै १९४२

१/
ताणाचे संप्रेरक ‘नैसर्गिकरीत्या’ कसे ताब्यात ठेवावे, याविषयी स्त्रियांना उद्देशून आज समाजमाध्यमांवर सल्ल्यांचा सुकाळ आहे. पहाटे उठा, चूर्ण घ्या, अमुक चहा प्या, दीर्घ श्वास घ्या. या सल्ल्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते : ताण बाईच्या शरीरात आहे, म्हणून उपायही तिने एकटीने करायचा. नागपुरात २० जुलै १९४२ रोजी जमलेल्या हजारो स्त्रियांनी या प्रश्नाकडे वेगळ्या बाजूने पाहिले होते. त्या दिवसाची ही कथा. (थ्रेड)

२/
प्रथम संप्रेरकाविषयी. दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी असतात. त्यांच्या बाह्य थरातून कॉर्टिसॉल स्रवते. ते शत्रू नव्हे. रक्तातील साखर उपलब्ध करून देणे, दाह आवरणे, रक्तदाब टिकवणे ही त्याची नित्याची कामे. निरोगी शरीरात त्याची एक लय असते : जाग आल्यानंतर सुमारे अर्ध्या तासाने ते शिखरावर असते, मग दिवसभर उतरत जाते आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळ गाठते. बिघाड होतो तो ही उतरण नीट न झाल्यास.

३/
या ज्ञानाचा इतिहास फार जुना नाही. अमेरिकेतील वॉल्टर कॅनन यांनी १९१५ मध्ये भय, क्रोध, भूक व वेदना यांनी शरीरात होणाऱ्या बदलांवर ग्रंथ लिहिला. पुढे कॅनडातील मॉन्ट्रियल येथे हान्स सेल्ये हे तरुण संशोधक एका नव्या स्त्री-संप्रेरकाच्या शोधात उंदरांना अंडाशयाचा अर्क टोचत होते. उंदरांच्या अधिवृक्क ग्रंथी फुगल्या, थायमस ग्रंथी आक्रसली, जठरात व्रण झाले. सेल्ये यांना वाटले, संप्रेरक सापडले!

४/
परंतु इतर विषारी द्रव्ये टोचली, थंडीत ठेवले, अतिश्रम करायला लावले, तरी उंदरांत तेच तीन बदल दिसले. म्हणजे हा एखाद्या विशिष्ट द्रव्याचा परिणाम नव्हता. कोणत्याही आघाताला शरीर देत असलेले ते सामाईक उत्तर होते. ४ जुलै १९३६ च्या ‘नेचर’मध्ये सेल्ये यांचे छोटेसे पत्र प्रसिद्ध झाले. ‘ताण’ ही वैद्यकीय कल्पना तेथून रूढ होत गेली. त्याच दशकात अमेरिकेत केंडल आणि स्वित्झर्लंडमध्ये राइखस्टाइन या ग्रंथींतील संयुगे वेगळी करत होते. त्या दोघांना हेंच यांच्यासह १९५० चे नोबेल मिळाले.

५/
प्रयोगशाळेत उंदरांचा ताण मोजला जात असताना नागपुरात माणसांचा ताण कसा होता?
जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. पुढे मॉडेल मिल आली. कापसाच्या या शहरात गिरणी हीच मोठी रोजीरोटी ठरली आणि तिच्या कामगारांत दलित स्त्री-पुरुषांची संख्या मोठी होती. गिरण्यांबाहेर कामठी-भंडारा-गोंदिया या पट्ट्यात बिडीचा धंदा फैलावला होता. तेथे तेंदूच्या पानांवर स्त्रियांची बोटे दिवसभर चालत.

६/
१९३४ च्या कारखाना कायद्यानुसार बारमाही कारखान्यात प्रौढ कामगाराचा आठवडा ५४ तासांचा असू शकत होता आणि दिवस १० तासांचा. हे झाले गिरणीतले तास. त्याआधीचे पाणी भरणे, चूल, मुले आणि त्यानंतरची पुन्हा चूल यांचा हिशेब कोणत्याच कायद्यात नव्हता. बिडीचे काम तर बहुतेक कारखाना कायद्याच्या कक्षेबाहेरच चाले. कॉर्टिसॉलची उतरण व्हायला जी विसाव्याची संध्याकाळ लागते, ती या स्त्रियांच्या दिवसात फारशी उरतच नव्हती.

७/
तरीही या स्त्रिया मुक्या नव्हत्या. नागपूरच्या गिरणी कामगार राधाबाई कांबळे कामगार चळवळीत पुढारी झाल्या. १९२९ मध्ये नेमलेल्या रॉयल लेबर कमिशनपुढे त्यांनी साक्ष दिली. सरकारी आयोगासमोर एका दलित कामकरी स्त्रीने आपल्या कामाची परिस्थिती मांडणे, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. कामठीचे बाबू हरदास यांनी बिडी कामगारांना संघटित केले. ते १९३७ मध्ये विधिमंडळात निवडून गेले आणि १९३९ मध्ये अवघ्या पस्तिशीत क्षयाने गेले.

८/
आणखी एक नाव : जाईबाई चौधरी. उमरेडचा जन्म, घरी दारिद्र्य. नागपूर ते कामठी डोक्यावर ओझी वाहून त्यांनी हमाली केली. एका मिशनरी बाईंच्या मदतीने त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या. अस्पृश्य बाई शिकवते म्हणून सवर्णांनी आक्षेप घेतला आणि ती नोकरी गेली. तेव्हा १९२२ मध्ये त्यांनी नागपुरात संत चोखामेळा मुलींची शाळा स्वतःच काढली.

९/
डिसेंबर १९३७ मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन नागपुरात भरले. तेथे जाईबाईंना व इतर दलित प्रतिनिधींना जेवायला वेगळे बसवण्यात आले. स्त्रियांच्या हक्कांसाठी भरलेल्या मांडवातच हा अपमान! १ जानेवारी १९३८ रोजी दलित स्त्रियांनी सभा घेऊन त्याचा निषेध केला. आपले व्यासपीठ आपणच उभारले पाहिजे, हा विचार अशा अनुभवांतून पक्का होत गेला.

१०/
येथे थोडे पुढच्या विज्ञानाकडे पाहू. १९९३ मध्ये जर्मनीतील ट्रियर विद्यापीठात एक चाचणी तयार झाली : परीक्षकांच्या निर्विकार चेहऱ्यांसमोर भाषण करायचे आणि तोंडी गणिते सोडवायची. लाळेतील कॉर्टिसॉल ठळकपणे वाढते. २००४ मध्ये डिकरसन व केमेनी यांनी अशा २०८ प्रयोगांचा एकत्र अभ्यास केला. कॉर्टिसॉल सर्वाधिक वाढवणाऱ्या प्रसंगांत दोन गोष्टी एकत्र आढळल्या : इतरांच्या नजरेत हीन ठरण्याचा धोका आणि परिस्थितीवर आपला ताबा नसणे. वेगळी पंगत म्हणजे नेमके हेच दोन्ही.

११/
आता १९४२. जुलैच्या १८ व १९ तारखेला नागपूरच्या मोहन पार्कात अखिल भारतीय दलित वर्ग परिषद झाली. अध्यक्ष मद्रासचे रावबहादूर एन. शिवराज. याच परिषदेत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा जन्म झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळावर नेमणूक नुकतीच जाहीर झाली होती. लगोलग २० तारखेला महिला परिषद भरली. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षस्थानी होत्या. उपस्थित स्त्रियांचा आकडा सुमारे २५ हजार असा नोंदवला गेला आहे.

१२/
या परिषदेचे ठराव आज ताणाच्या दृष्टीने वाचण्यासारखे आहेत.
• पतीपासून काडीमोड घेण्याचा कायदेशीर हक्क असावा.
• बहुपत्नीत्वाची चाल कायद्याने बंद व्हावी.
• गिरण्या, बिडी कारखाने, नगरपालिका व रेल्वे यांतील स्त्री-कामगारांना वर्षाला २१ दिवसांची किरकोळ रजा आणि एक महिन्याची पगारी हक्करजा मिळावी.
• दुखापतीची योग्य भरपाई आणि २० वर्षांच्या नोकरीनंतर दरमहा १५ रुपये निवृत्तिवेतन मिळावे.
• गिरण्यांतील स्त्रियांवर देखरेखीसाठी स्त्रियाच नेमाव्यात.
याशिवाय शिक्षण व विधिमंडळातील प्रतिनिधित्व यांविषयीही ठराव झाले.

१३/
ठरावांत संप्रेरकांचा उल्लेख नाही, असण्याचे कारणही नव्हते. पण प्रत्येक मागणी ताणाच्या एकेका मुळावर बोट ठेवते. रजा म्हणजे विसावा. भरपाई व निवृत्तिवेतन म्हणजे उद्याच्या चिंतेतून सुटका. स्त्री-पर्यवेक्षक म्हणजे कामाच्या जागी पुरुषी जाचापासून संरक्षण. काडीमोडाचा हक्क म्हणजे नको त्या घरातून बाहेर पडण्याचे दार. विसावा, निश्चिती, सुरक्षितता आणि स्वतःच्या आयुष्यावर ताबा : पुढच्या अर्धशतकातील ताण-संशोधन याच चार शब्दांभोवती फिरले.

१४/
सुलोचनाबाईंनी आपल्या भाषणात संततिनियमनाचाही मुद्दा मांडला. हा विषय तेव्हा चारचौघांत उच्चारणेही अवघड होते. मुंबईत र. धों. कर्वे १९२१ पासून संततिनियमनाचे केंद्र चालवत होते आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ काढत होते. त्याबद्दल त्यांना खटले सोसावे लागले. १९३८ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पक्षातर्फे पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आणला, तो फेटाळला गेला. लागोपाठची बाळंतपणे हा स्त्रीच्या शरीरावरचा सर्वांत मोठा ताण आहे, हे या स्त्रियांना कोणत्याही प्रयोगशाळेने सांगावे लागले नाही.

१५/
त्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनीही भाषण केले. समाजाची प्रगती आपण त्या समाजातील स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, हा त्यांचा प्रसिद्ध विचार याच व्यासपीठावरचा. मुलींच्या लग्नाची घाई करू नका, फार मुले होऊ देऊ नका, असेही त्यांनी सांगितले. त्यापूर्वी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी मांडले होते की, बाळंतपणाआधी व नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्याच हिताचे आहे. मुंबई प्रांतात तो कायदा १९२९ मध्ये आला. नागपूर ज्याची राजधानी होती त्या मध्य प्रांतात १९३० मध्ये.

१६/
ठरावांचे पुढे काय झाले? डॉ. आंबेडकर मजूरमंत्री असताना १९४५ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतील कामगारांना वर्षाला दहा दिवसांची पगारी सुटी मिळाली आणि १९४६ च्या दुरुस्तीने आठवडा ५४ वरून ४८ तासांवर आला. हे त्या एका परिषदेचे फळ म्हणता येणार नाही. देशभरच्या कामगार चळवळीचा रेटा त्यामागे होता. पण नागपूरच्या स्त्रियांचा आवाज त्या रेट्यात होता. बिडी कामगारांसाठीचा केंद्रीय कायदा यायला मात्र १९६६ उजाडले.

१७/
विज्ञानाला हेच उमगायला किती काळ लागला, हेही पाहण्यासारखे आहे. लंडनच्या सरकारी नोकरांच्या आरोग्याचा प्रसिद्ध ‘व्हाइटहॉल’ अभ्यास १९६७ मध्ये सुरू झाला. खालच्या श्रेणीतील नोकरांत हृदयविकाराने मृत्यू अधिक, वरच्या श्रेणीत कमी. बड्या साहेबांना ताण जास्त, हा समज त्याने खोडून काढला. त्या अभ्यासात सुमारे १८ हजार माणसे होती आणि सगळे पुरुष! स्त्रियांचा समावेश १९८५ च्या दुसऱ्या अभ्यासात झाला. कामावर स्वतःचा ताबा कमी, तर धोका अधिक, हा त्याचा एक महत्त्वाचा निष्कर्ष.

१८/
मग श्वसन, चालणे, झोप यांना अर्थ नाही का? आहे. नियमित वेळेची झोप, बेताचा व्यायाम, मैत्रिणींची सोबत यांनी ताणाला तोंड देण्याची शरीराची क्षमता वाढते. दीर्घकाळच्या ताणाने मेंदूकडून अंडाशयाकडे जाणारे संदेश मंदावून पाळी अनियमित होऊ शकते. अशा वेळी विश्रांती हा खरा उपाय ठरतो. परंतु ‘कॉर्टिसॉल उतरवणारे’ चहा व काढे यांच्या दाव्यांना भक्कम आधार नाही. अश्वगंधेवर काही छोटे आशादायक प्रयोग झाले आहेत, पण गर्भारपणात ती टाळण्यास सांगितले जाते आणि यकृताला इजा झाल्याची उदाहरणेही नोंदली गेली आहेत.

१९/
एक सावधगिरी. हार्वे कुशिंग यांनी १९३२ मध्ये वर्णिलेल्या विकारात कॉर्टिसॉल खरोखरच अतिरिक्त असते : चेहरा गोल होतो, पोटावर जांभळे पट्टे उठतात, स्नायू दुर्बळ होतात, रक्तदाब चढतो. तेथे घरगुती उपाय चालत नाहीत, डॉक्टरच हवा. थकवा किंवा वाढते वजन एवढ्यावरून मात्र कोणी स्वतःला हा रोग चिकटवून घेऊ नये.

२०/
एम्प्रेस मिल २००२ मध्ये बंद पडली. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यातील १२ आठवड्यांची रजा २०१७ मध्ये २६ आठवड्यांची झाली. पण भारतातील बहुसंख्य कष्टकरी स्त्रिया आजही असंघटित क्षेत्रात आहेत. घरकाम, बांधकाम, शेतमजुरी करणाऱ्या बाईला ना २१ दिवसांची रजा, ना निवृत्तिवेतन. तिला ‘रोज आठ तास झोपा’ हा सल्ला देणे सोपे आहे. ती झोप तिला परवडेल अशी व्यवस्था करणे अवघड आहे.

२१/
सेल्ये यांच्या पिंजऱ्यातील उंदरांना थंडी, श्रम किंवा सुई यांपैकी काहीही नाकारता येत नव्हते. मोहन पार्कात जमलेल्या स्त्रियांनी नेमका तो नाकारण्याचा हक्क मागितला. ताण कमी करण्याचा सर्वांत नैसर्गिक उपाय विश्रांती आहे, हे त्यांना ठाऊक होते. ती विश्रांती मालकाने कायद्याने दिली पाहिजे, हे त्यांनी २० जुलै १९४२ रोजी ठरावात लिहून ठेवले. (समाप्त)