व्यक्तिचित्रणातील लेन्स, अंतर आणि इतिहास : जालना जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
छायाचित्र हे आधुनिक इतिहासलेखनाचे एक महत्त्वाचे साधन मानले जाते. तथापि, कौटुंबिक छायाचित्रांचा अभ्यास करताना पोशाख, दागिने आणि मागील पडदा यांचाच विचार प्रामुख्याने होतो. छायाचित्र कोणत्या लेन्सने व किती अंतरावरून घेतले, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात मिडियम फॉरमॅट व्यक्तिचित्रण आणि त्यासाठी योग्य मानली गेलेली लघु टेलिफोटो लेन्स यांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
जोसेफ पेट्झवाल यांनी 1840 मध्ये खास व्यक्तिचित्रांसाठी लेन्स सिद्ध केली. फॉइग्टलेंडर कंपनीच्या कॅमेऱ्यातील या लेन्सचे नाभीय अंतर सुमारे 150 मि.मी. होते, म्हणजे तिच्या वर्तुळाकार चित्राच्या व्यासाच्या दीडपटीहून अधिक. चित्राच्या मानाने लांब नाभीय अंतर आणि त्यामुळे व्यक्तीपासून थोडे दूर उभे राहणे, हे व्यक्तिचित्रणाचे सूत्र इतके जुने आहे.

जालना परिसर 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. याच संस्थानात राजा दीनदयाळ (1844-1905) यांनी सहावे निजाम महबूब अली खान यांच्या आश्रयाने दरबारी व्यक्तिचित्रणाची परंपरा घडवली. त्यांचे काम काचेच्या मोठ्या निगेटिव्हवर होत असे. सामान्य कुटुंबांपर्यंत छायाचित्र पोहोचण्यास स्वस्त साधनांची गरज होती. 1901 मध्ये आलेली 120 क्रमांकाची रोल फिल्म आणि 1929 मधील रोलीफ्लेक्स या दुहेरी लेन्सच्या कॅमेऱ्याने ती वाट मोकळी केली. पुढे याशिकासारख्या कॅमेऱ्यांमुळे 6 × 6 सें.मी.ची निगेटिव्ह भारतातील लहान शहरांच्या स्टुडिओंत रुळली.

लेन्स आणि चेहरा :
याशिका-मॅट 124-जी (1970) या कॅमेऱ्याची 80 मि.मी.ची लेन्स बदलता येत नसे. या लेन्सने 1 मीटरवरून सुमारे 64 सें.मी.चे क्षेत्र, म्हणजे डोके व खांदे, चौकटीत येतात. 150 मि.मी.च्या लेन्सने तेवढेच क्षेत्र सुमारे 1.9 मीटरवरून मिळते. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंतची खोली 12 सें.मी. धरल्यास पहिल्या स्थितीत नाक कानाच्या तुलनेत सुमारे 12 टक्के, तर दुसऱ्या स्थितीत सुमारे 6 टक्के मोठे दिसते. हा फरक अंतराचा आहे; लेन्स फक्त त्या अंतरावरून चौकट भरण्याची सोय करते. विवाहासाठी स्थळाकडे मुलीचा फोटो पाठवण्याच्या प्रथेत या सहा टक्क्यांना सामाजिक अर्थ होता. मुलीला प्रत्यक्ष पाहण्याआधी तिच्या रूपाविषयी मत बनत असे, ते या कागदावरून.

अभाव आणि त्यावरील उपाय :
हॅसलब्लाडसाठी 150 मि.मी.ची सोन्नार, मामियाच्या सी मालिकेसाठी 135 मि.मी.ची लेन्स आणि 1959 मधील टेली-रोलीफ्लेक्स अशी साधने जगात उपलब्ध होती. परंतु 1991 पूर्वीच्या आयात-परवाना व्यवस्थेत ती लहान गावच्या व्यावसायिकाच्या आवाक्याबाहेरची होती. शिवाय खोलीची लांबीही आड येत असे. 3 मीटरवरून 80 मि.मी.च्या लेन्समध्ये सुमारे 2 मीटरचे क्षेत्र येते, 150 मि.मी.मध्ये जेमतेम 1 मीटर. कुटुंबाचा गट, उभे पूर्ण चित्र आणि चेहरा या तिन्ही कामांसाठी एकच लेन्स वापरणाऱ्याला 80 मि.मी.च सोयीची होती. रंगवलेला पडदा, कुंडी आणि खुर्ची चित्रात येण्याचे एक कारण या विस्तृत दृष्टिक्षेत्रात आहे.

चेहऱ्यासाठी मात्र एक उपाय हाताशी होता. मागे सरकून फोटो घ्यायचा आणि डार्करूममध्ये मधला भाग मोठा करायचा. 1.9 मीटरवरून घेतलेल्या निगेटिव्हमध्ये डोके-खांद्याचा भाग सुमारे 29 मि.मी. चौरस, म्हणजे एकूण क्षेत्राच्या एक चतुर्थांशाहून किंचित अधिक असतो. छोट्या प्रिंटसाठी तेवढा पुरतो. मिडियम फॉरमॅटची मोठी निगेटिव्ह अशा प्रकारे न मिळालेल्या टेलिफोटो लेन्सची उणीव भरून काढू शकत होती.

निष्कर्ष :
यावरून अभ्यासपद्धतीविषयी एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट होते. छापील फोटोत कापून टाकलेला भाग, त्यावरून कळणारे अंतर आणि शिसपेन्सिलीने केलेले रिटचिंग हे सर्व निगेटिव्हवरच वाचता येते. कुटुंबाच्या हाती प्रिंट गेली; निगेटिव्ह स्टुडिओत राहिली. डिजिटल छायाचित्रणानंतर जुने स्टुडिओ बंद होत असताना हा ठेवा प्रथम नष्ट होतो. काच धुतली जाते, फिल्म चांदीसाठी विकली जाते.

'जालना, सोने का पालना' असा लौकिक असलेल्या या व्यापारी शहराचा लिखित इतिहास प्रामुख्याने छावणी, बाजारपेठ आणि सत्तांतरांचा आहे. त्यात सामान्य माणसाचे नाव क्वचित येते. निगेटिव्हवर त्याचा चेहरा मात्र असतो. त्यामुळे 1 मे 1981 रोजी अस्तित्वात आलेल्या या जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी स्टुडिओंच्या निगेटिव्ह, नोंदवह्या व कॅमेऱ्यांची सूची करण्याचे काम हाती घेणे आवश्यक आहे. सूचीत व्यक्तीचे नाव व वर्ष यांबरोबर लेन्सचे नाभीय अंतर आणि खोलीची लांबीही नोंदवावी. तशी नोंद असल्यास चेहऱ्यातील कोणता फरक माणसाचा व कोणता अंतराचा, हे पुढील अभ्यासकाला सांगता येईल.