बाळाच्या डोळ्यातली पांढरी चमक

बाळाचे डोळे हा आपल्याकडे घराघरांतला कौतुकाचा विषय. कुणाकडे काजळाचे बोट लागते, कुणाकडे सुरम्याची सळई फिरते. नजर लागू नये म्हणून मीठ-मोहऱ्या उतरवल्या जातात. पण त्या डोळ्यांत उजेड टाकून आत पाहायचे मात्र राहून जाते.

डोळ्याच्या आतल्या पडद्याला कर्करोग होतो आणि तो तान्ह्या मुलांना होतो, हे सांगितले तर हसनाबादच्या बाजारात अनेकांना खरे वाटणार नाही. या रोगाला रेटिनोब्लास्टोमा म्हणतात. साधारण पंधरा ते वीस हजार बाळांमागे एकाला तो होतो, आणि बहुतेकदा वयाच्या पाच वर्षांच्या आत. बाहुलीत मांजराच्या डोळ्यासारखी पांढरी चमक दिसते, कधी डोळा तिरळा होतो. आई ती चमक बहुधा सर्वांआधी पाहते. घरातली मोठी माणसे मात्र ‘तिरळा डोळा भाग्याचा’ म्हणून तिला गप्प करतात.

या रोगाचा इतिहास जुना आहे. १८०९ साली जेम्स वॉर्ड्रॉप या स्कॉटिश शल्यवैद्याने हा रोग डोळ्याच्या पडद्यातून सुरू होतो हे दाखवले आणि डोळा वेळेवर काढला तर जीव वाचेल, असे सुचवले. भूल देण्याचे शास्त्र तेव्हा जन्मालाही आले नव्हते. पुढे १८५१ साली जर्मनीच्या हेल्महोल्ट्झने डोळ्याच्या आत पाहण्याचे उपकरण जगापुढे मांडले. जिवंत माणसाच्या डोळ्याचा पडदा वैद्यांना प्रथमच नीट दिसू लागला. १९७१ साली अमेरिकेतील आल्फ्रेड नुडसन यांनी ४८ मुलांच्या नोंदी अभ्यासून हा रोग काही घराण्यांत का उतरतो याचा उलगडा केला. म्हणूनच आईबापाला किंवा भावंडाला हा रोग झाला असेल, तर बाळाची तपासणी जन्मापासून व्हावी लागते.

तपासणी तशी साधी आहे. खोलीत अंधार करायचा, हातभर अंतरावरून त्या उपकरणाचा उजेड दोन्ही डोळ्यांवर टाकायचा. निरोगी बाहुली तांबूस चमकते. पांढरी, काळपट किंवा दोन डोळ्यांत वेगवेगळी चमक दिसली, की बाळाला नेत्रतज्ज्ञाकडे पाठवायचे. पांढरी चमक म्हणजे कर्करोगच असे नव्हे, जन्मजात मोतीबिंदूही असू शकतो. पण त्यालाही उशीर परवडत नाही. उलट, अगदी लहान गाठ या तपासणीत सुटूही शकते. म्हणून ती एकदा करून भागत नाही.

आपल्याकडे १९७६ साली अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. २०१३ च्या फेब्रुवारीत पालघरला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. त्यात फिरत्या पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुले तपासावीत, अशी योजना आहे. मात्र शाळेतल्या फळ्यावरची अक्षरे वाचता येण्याच्या वयापर्यंत थांबलो, तर या रोगाची वेळ टळून गेलेली असते. २०२० साली १५३ देशांतल्या चार हजारांहून अधिक मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. श्रीमंत देशांत निदान साधारण चौदाव्या महिन्यात होते, गरीब देशांत अडीच वर्षांनंतर. या सव्वा वर्षात रोग डोळ्याबाहेर पडतो. लवकर कळले तर जीव वाचतोच, अनेकदा डोळाही वाचतो. उशिरा कळले तर डोळा काढावा लागतो. आणि मुलगी असेल, तर ‘हिच्याशी लग्न कोण करील?’ या काळजीत आणखी महिने जातात. तोवर तिचा जीवच पणाला लागलेला असतो.

लसीच्या दिवशी बाळ आरोग्य केंद्रात येतेच. दंडावर, मांडीवर सुई टोचली जाते, वजन होते. त्याच वेळी ‘डोळेही बघा’ असे आईने म्हणावे आणि तिला कुणी हसू नये. मोबाइलच्या फोटोत एका डोळ्यात वारंवार पांढरे दिसले, तर तो फोटो न पुसता डॉक्टरांना दाखवावा. नजर खुशाल उतरवा, पण जालन्याची एसटी त्याच दिवशी पकडा.