एल्केडर ते सीडर रॅपिड्स

अमेरिकेतील आयोवा राज्यात सीडर रॅपिड्स शहराकडून १३ क्रमांकाच्या रस्त्याने उत्तरेला निघाले की साधारण १३० किलोमीटरवर, टर्की नदीच्या काठी, एल्केडर हे गाव लागते. मोटारीने दीड तास. गावाची वस्ती जेमतेम बाराशे.

एल्केडर म्हणजे अल्-कादिर. १८४६ साली गावाची आखणी झाली तेव्हा अल्जेरियात अमीर अब्दुल कादिर फ्रेंच फौजांशी लढत होते. त्या लढाईच्या बातम्या वाचून टिमोथी डेव्हिस या वकिलाने नव्या गावाला अमीरचे नाव सुचवले. परक्या साम्राज्याशी झुंजणारा माणूस या वसाहतकऱ्यांना आपला वाटला, तो मुसलमान असणे आड आले नाही. नावातला ‘अब्द’ मात्र वाटेत गळाला आणि अल्लाहचा बंदा राहण्याऐवजी गावाला अल्लाहचेच नाव मिळाले! पुढच्याच वर्षी अमीर फ्रेंचांना शरण गेले. गावाने नाव बदलले नाही. १८६० च्या दंगलीत दमास्कसमध्ये याच अमीरनी हजारो ख्रिश्चनांचे प्राण वाचवले.

गावांच्या नावांवरून चाललेले वाद ऐकत मोठे झालेल्या आपल्यासारख्यांना हे वाचताना थोडे थांबावेसे वाटते.

सीडर रॅपिड्सची गोष्ट उलटी आहे. तिथे आधी माणसे आली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आजच्या सीरिया-लेबनॉनमधून आलेले मुसलमान पाठीवर गाठोडे घेऊन शेतांवर फेरी करत, मग किराणा दुकाने काढत. १९३४ मध्ये, मंदीच्या ऐन काळात, त्यांनी एक साधी लाकडी मशीद उभारली. नॉर्थ डकोटातील रॉस येथील १९२९ ची मशीद पुढे पाडली गेली. त्यामुळे मशीद म्हणूनच बांधलेल्या आणि आजही उभ्या असलेल्या अमेरिकेतील इमारतींत हीच सर्वांत जुनी मानली जाते. ‘मदर मॉस्क’ हे तिचे नाव. मध्यंतरी ती विकलीही गेली होती, १९९० मध्ये मुसलमानांनी परत घेऊन दुरुस्त केली.

याच शहरातल्या अब्दुल्ला इग्राम यांनी दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात चाकरी केली. सैनिकाच्या गळ्यातल्या बिल्ल्यावर प्रोटेस्टंट, कॅथलिक आणि ज्यू यांच्यासाठी अक्षरे होती, मुसलमानासाठी नव्हते. १९५३ मध्ये त्यांनी थेट राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना पत्र लिहून ते अक्षर मागितले. म्हणजे १३० किलोमीटरवरच्या गावाला शंभर वर्षांपूर्वी मुसलमानाचे नाव मिळाले होते आणि या मुसलमानाला एका अक्षरासाठी अर्ज करावा लागत होता.

२००८ च्या महापुरात दोन्ही ठिकाणी पाणी शिरले. मदर मॉस्कच्या तळघरातले जुने कागद भिजले, आणि एल्केडरला अल्जेरियाकडून मदत आली.