फ्रान्सची आस, हिंदुस्थानची बराक

९ ऑक्टोबर १९१४ रोजी साउदॅम्प्टन बंदरातून वेसेक्स डिव्हिजनच्या बोटी सुटल्या. त्यांत बसलेल्या बहुतेकांची मनं फ्रान्समध्ये होती. बोटींची तोंडं मात्र सुएझकडे होती. महिनाभराने हे गोरे सोजीर मुंबई आणि कराचीत उतरले. कँपात राहणाऱ्यांना सोजिरांचं अप्रूप नव्हतं, पण हे सोजीर निराळे होते. डेव्हन, डॉर्सेट, सॉमरसेट, हॅम्पशायर अशा परगण्यांतले कारकून, दुकानांतले नोकर आणि शेतावरचे गडी. एरवी कामधंदा सांभाळून संध्याकाळी कवायत करायची आणि वर्षाकाठी पंधरवडाभर तंबूत राहायचं, एवढीच त्यांची शिपाईगिरी.

अशा अर्धवेळ शिपायांची ही टेरिटोरियल फोर्स युद्धमंत्री हॅल्डेन यांनी १ एप्रिल १९०८ रोजी उभी केली. करार चार वर्षांचा, वय सतरा ते पस्तीस, आणि काम मायदेशाच्या रक्षणाचं. त्यांना समुद्रापार पाठवण्याचा अधिकार सरकारला नव्हता. हॅल्डेन यांच्या मनात वेगळं होतं: युद्ध सुरू झालं, सहा महिने कसून तालीम मिळाली, की ही माणसं आपण होऊन परदेशी जायला तयार होतील. हा हिशेब अगदीच हवेतला नव्हता. बोअर युद्धात, १९०० साली, लंडनच्या हौशी शिपायांची ‘सिटी इंपीरियल व्हॉलंटियर्स’ ही पलटण दक्षिण आफ्रिकेत जाऊन लढली होती, तीही व्हॉलंटियर दलांवर परदेशी जाण्याची सक्ती नसताना.

१९१० पासून वेगळा करारनामा निघाला. त्यावर सही करणारा शिपाई युद्ध पेटल्यास देशाबाहेर जायला बांधलेला असे, आणि त्याला उजव्या छातीवर ‘इंपीरियल सर्व्हिस’ असं कोरलेला बिल्ला लावायला मिळे. बिल्ला दिमाखदार होता, तरी १९१४ पर्यंत सही करणारे शेकडा दहासुद्धा नव्हते. यात भित्रेपणा शोधायचं कारण नाही. बायकापोरं असलेल्या, मालकाकडून पंधरा दिवसांची रजा जेमतेम काढणाऱ्या माणसाने आगाऊ सही का करावी?

ऑगस्ट १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं आणि चित्र पालटलं. ज्या पलटणीतली शेकडा साठ माणसं परदेशी जायला राजी, ती पलटण घ्यायची, असं ठरलं. पलटणच्या पलटण रांगेत उभी करून ‘कोण येतो?’ असं विचारलं, की शेजारच्या बाकावर काम करणाऱ्याच्या देखत ‘नाही’ म्हणणं अवघडच. राजी असलेल्यांची पहिली फळी झाली, उरलेल्यांची आणि नव्या भरतीची दुसरी. १/४ हॅम्पशायर, २/४ हॅम्पशायर असे विचित्र आकडे तिथूनच आले.

नवे युद्धमंत्री लॉर्ड किचनर यांचा मात्र या हौशी फौजेवर विश्वास नव्हता. तरुणपणी १८७१ मध्ये त्यांनी फ्रान्सच्या घाईघाईने उभ्या केलेल्या सैन्याची दैना पाहिली होती, असं त्याचं कारण सांगितलं जातं. त्यांनी स्वतःची नवी फौज उभारायला घेतली. टेरिटोरियलांपैकी काहींना फ्रान्स लवकर मिळालं: ३१ ऑक्टोबरला मेसीन इथे लंडन स्कॉटिश पलटण लढली आणि पहिल्याच झुंजीत तिचे सुमारे चारशे शिपाई कामी आले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. हिंदुस्थानातल्या मुरलेल्या गोऱ्या पलटणी मात्र युरोपला हव्या होत्या. त्यांच्या रिकाम्या बराकी भरायला वेसेक्स, होम काउंटीज आणि दुसरी वेसेक्स अशा तीन डिव्हिजन वर्ष संपायच्या आत रवाना झाल्या. इथे पोचताच त्या मोडून छावण्याछावण्यांत वाटल्या गेल्या.

गावाकडच्या मानाने बराकीत थाट होता. धोबी कपडे नेई, न्हावी भल्या पहाटे अंथरुणातच दाढी उरकून जाई. पण ऊन, हिवताप, पहारा आणि पुन्हा पहारा. घरून येणाऱ्या पत्रांत शेजारपाजारची पोरं फ्रान्समध्ये पडल्याच्या बातम्या, आणि आपण इथे बराकीत.

ज्यांना लढाई हवी होती त्यांना ती मिळाली, पण मेसोपोटेमियात. मार्च १९१५ मध्ये १/४ हॅम्पशायर बसऱ्याला उतरली. पुढे तिची एक तुकडी कुत-अल-अमाराला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात सापडली, तर उरलेली पलटण वेढा फोडायला निघालेल्या फौजेत होती. जानेवारी १९१६ मध्ये हानाच्या चढाईत तिची वाताहत झाली. कुतमध्ये अडकलेली सहावी डिव्हिजन म्हणजे पुणे डिव्हिजन. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. १४७ दिवसांच्या वेढ्यानंतर २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली आणि हॅम्पशायरचा दुकानदार नि दख्खनचा कुणबी एकाच कैदेत गेले. फरक इतकाच, की मराठा शिपाई पोटासाठी आणि पेन्शनीसाठी फौजेत आलेला, पेशाने शिपाई होता. हौसेने अर्धवेळ शिपाई होण्याची वाट सुशिक्षित हिंदी तरुणांना बंदच होती; काँग्रेसने १८८६ पासून मागणी करूनही ती जराशी उघडली १९१७ च्या इंडियन डिफेन्स फोर्समध्ये.

तिकडे मायदेशातच राहू म्हणणाऱ्यांचंही काही चाललं नाही. १९१६ मध्ये सक्तीची भरती आली आणि ‘परदेशी जाणार नाही’ या अटीला अर्थ उरला नाही. हिंदुस्थानातल्यांची सुटका तर युद्ध संपल्यावरही लांबली. मे १९१९ मध्ये अफगाण युद्ध पेटलं आणि घरी जायची वाट पाहणाऱ्या टेरिटोरियलांना पुन्हा सरहद्दीवर धाडण्यात आलं.

हिंदुस्थानच्या छावणीतला पहारा रणांगणात धरला जात नव्हता. त्यामुळे आपखुशीने निघालेल्या या शिपायांपैकी अनेकांना १९१४-१५ चा ‘स्टार’ हे युद्धपदक मिळालं नाही. त्यांची तक्रार रास्त होती. अखेर १९२० मध्ये खास त्यांच्यासाठी टेरिटोरियल फोर्स वॉर मेडल काढण्यात आलं. अटी कडक होत्या: युद्धाआधीची चार वर्षांची नोकरी हवी, परदेशी जायची तयारी ३० सप्टेंबर १९१४ च्या आत दाखवलेली हवी, आणि ‘स्टार’ मिळालेला नको. अशी सुमारे ३४,००० पदकं वाटली गेली. त्या युद्धासाठी ब्रिटनने काढलेल्या सेवापदकांत हे सर्वांत दुर्मीळ. म्हणून जुन्या पदकांचे शौकीन आज ज्यासाठी चढी किंमत मोजतात, ते पदक ज्यांना लढाई वेळेवर मिळाली नाही त्यांचं आहे.